वाड्यातला बस्ता सोडताना: देशमुखी-मालगुजारी घराण्याचा इतिहास आणि त्याची शिक्का-निशाणी कशी लावावी

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी मूळपुरुषाच्या मागं लागतो. तो कुठून आला, कोणाच्या फौजेत होता, त्याला वतन कोणी दिलं. इथंच निम्मे इतिहास बिघडतात. वरून खाली येताना मधली नावं कल्पनेनं भरली जातात आणि एकदा छापली की तीच खरी ठरतात. काम आजपासून मागं जात करायचं. घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून सुरुवात करा, प्रत्येक पिढीला निदान एक कागद लावा, आणि जिथं कागद संपला तिथं रेघ ओढून थांबा. रेघेच्या पलीकडचं सांगोवांगी वेगळ्या पानावर लिहा.

आधी नदीचा काठ ठरवा

तुमचं गाव वर्धा नदीच्या कोणत्या अंगाला आहे, यावर सगळा शोध ठरतो. पश्चिमेला वऱ्हाड. ते १८५३ च्या तहापर्यंत निजामाच्या कारभारात होतं, नंतर इंग्रजांकडे आलं. तिथं जमाबंदी रयतवारी झाली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, म्हणून घराण्याचं मोठेपण परगण्याच्या देशमुखी-देशपांडेपणात किंवा गावच्या पाटीलकीत शोधायचं. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले आणि राज्य खालसा झालं. पुढं १८६० नंतरच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात, गावचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. ही मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली. गडचिरोलीकडच्या जंगलपट्टीत जमीनदाऱ्या होत्या, त्यांचे कागद आणखी वेगळे. वऱ्हाडात सनद आणि वतनाचा कागद शोधायचा, नागपूर भागात खेवट (गावाच्या हिस्सेदारांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद). हे न कळल्यामुळं वर्धेच्या तहसिलीत देशमुखीची सनद मागत महिने घालवणारे पुष्कळ आहेत.

जिल्ह्यांची नावंही तपासून घ्या. १९०५ पर्यंत वाशीम आणि एलिचपूर हे स्वतंत्र जिल्हे होते. त्या वर्षी वाशीमचा बराच भाग अकोल्यात आणि एलिचपूर अमरावतीत गेलं. यवतमाळ जिल्ह्याचं नाव तोवर वणी होतं. वर्धा जिल्हा १८६२ ला नागपुरातून निघाला. गडचिरोली १९८२ ला, वाशीम पुन्हा १९९८ ला आणि गोंदिया १९९९ ला वेगळे झाले. म्हणजे आज गोंदियात असलेल्या गावाचे जुने कागद भंडाऱ्याला आणि गडचिरोलीच्या गावाचे चंद्रपूरला मागावे लागतात. अर्जात मौजा, बंदोबस्त नंबर, पटवारी हलका नंबर, तेव्हाची तहसील आणि तेव्हाचा जिल्हा हे पाचही लिहा. गाव उठून रिठी झालं असेल तर रिठीचं नाव शेजारच्या मौजाला जोडून विचारा.

बस्ता सोडणे

जुने कागद लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले असतात (हाच बस्ता), माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात. ते सोडायला हिवाळा चांगला. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची कोरडी हवा कागदाला पापडासारखं करते आणि घडी उलगडताच ती घडीवरच तुटते. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळच्या वेळी, ओसरीच्या सावलीत, जमिनीवर धुतलेली सुती चादर अंथरून बसा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पाण्याचा तांब्या, चहा, पानतंबाखू चादरीपासून दूर.

कागद ज्या क्रमानं बांधले होते तोच क्रम टिपून घ्या. बांधणाऱ्यानं एका प्रकरणाचे कागद एकत्र ठेवलेले असतात आणि एकदा ते विस्कटले की कोणती पावती कोणत्या वादातली हे पुन्हा कळत नाही. प्रत्येक कागदाला मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात नंबर घाला. पेन नको.

ओल्या फडक्यानं कागद पुसू नका. मोडी कागदांची शाई काजळी आणि डिंकाची असते, ती पाण्यात विरघळते आणि पुसता पुसता ओळच जाते. मऊ कुंचल्यानं धूळ मधून बाहेर झटका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि खालचं अक्षर खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेनं कागद भाजतो आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सनदीला फ्रेम करून भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत छायाप्रत लावा, अस्सल अंधारात राहू द्या. ताम्रपट असेल तर त्याला चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पूड लावू नका. आम्लानं तांबं झिजतं आणि उथळ कोरलेली अक्षरं पहिल्याच घासणीत जातात.

फोटो फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंनी, शेजारी १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवून काढा. पाठीमागची बाजू हमखास राहते, आणि तिथंच रुजू झाल्याची खूण, दफ्तरातली नोंद आणि छोटे शिक्के असतात. लांबलचक कागद अनेक तुकडे चिकटवून केलेला असतो. त्याच्या जोडावर शिक्का आहे का पाहा. मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून तो मारत. जोडावर अर्धाच शिक्का दिसला आणि पुढच्या तुकड्यावर त्याचा उरलेला भाग जुळत नसेल, तर तो कागद तिथं बदललेला असू शकतो.

मोडी वाचणाऱ्याकडं अस्सल कागद नेऊ नका, फोटो पाठवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि नावं संक्षेपात येतात: रा॥ म्हणजे राजश्री, मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे. वाचकाला गावची नावं, भोवतालचे परगणे आणि घरातली माहीत असलेली नावं आधी लिहून दिलीत तर चुका निम्म्यानं कमी होतात, पण वाचन झाल्यावर ती यादी बाजूला ठेवून दुसऱ्याकडून एकदा ताडून घ्या. यादी हातात असली की वाचणाऱ्याच्या डोळ्याला तीच नावं दिसू लागतात.

सन काढणे

एकाच बस्त्यात शके, फसली, हिजरी, सुहूर आणि इसवी असे पाच सन भेटतात. शकेत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या मितीला ७९. दख्खनी फसली आणि सुहूर सन मृगाला बदलतात: फसलीत जून ते डिसेंबर ५९० आणि पुढं मृगापर्यंत ५९१, सुहूरमध्ये तसेच ५९९ आणि ६००. उत्तर हिंदुस्थानी फसलीत ५९२-५९३ मिळवतात. दोन वर्षांचा फरक सारखा येत असेल तर हीच शंका घ्या. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवलं की जवळचं वर्ष मिळतं.

सुहूर सन आकड्यात क्वचित, शब्दांत जास्त. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. ‘सुहूर सन समान सबैन मया व अलफ’ म्हणजे ८ आणि ७०, १०० आणि १०००, एकूण ११७८. म्हणजे इसवी १७७७-७८. समान आणि समानीन यांत घोटाळा झाला की कागद पाऊण शतक इकडचा तिकडं जातो.

शकेसोबत संवत्सराचं नाव असेल तर ताळा करून घ्या. शकेत १२ मिळवून ६० नं भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव १ धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ चा. १५९६ आणि १२ मिळून १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद, आणि तो आनंदनाम संवत्सरातच झाला. तुमच्या सनदीत शके आणि संवत्सर जुळत नसतील तर तीन शक्यता: वाचन चुकलं, नक्कल करणाऱ्यानं चूक केली, किंवा कागद मागाहून बनवला. तिसरी शक्यता आवडत नाही म्हणून सोडून देऊ नका. वतनाच्या वादांत खोट्या सनदा पूर्वीही हजर केल्या जात.

शिक्का, मोर्तब आणि निशाणी

आपल्याकडच्या घराण्यांची ओळख ढालीवरच्या चित्रात नाही, ती अक्षरात आणि अवजारात आहे. म्हणून शिक्का वाचायला शिकणं हे या कामातलं मुख्य कसब.

आधी आकार टिपा: गोल, चौकोनी, अष्टकोनी. मग किनार, रेघा, वर चंद्र-सूर्य काढले आहेत का. मग भाषा. निजामी आणि मोगली कागदावरचे शिक्के फारसीत असतात आणि त्यांचा मजकूर बऱ्याचदा खालच्या ओळीकडून वर वाचायचा असतो. वरून वाचायला गेलं की नाव आणि किताब उलटेपालटे होतात. मराठी शिक्क्याची मांडणी ठरलेली. वर श्री, मग धन्याचं नाव, शेवटी आपलं. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ प्रधान’ हा पेशव्यांचा शिक्का पाहा: सत्ता पेशव्याच्या हातात, पण मान आधी छत्रपतींचा. शिक्का कोणाच्या नावानं सुरू होतो यावरून ते घराणं कोणाची चाकरी मानत होतं ते कळतं. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा पत्राच्या माथ्यावर असे आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. मोर्तबाचं काम एकच: इथं पत्र संपलं, याखाली कोणी ओळ घुसडू नये. तुमच्या कागदावर मोर्तबाखाली मजकूर असेल तर तो वेगळ्या हाताचा आणि मागाहूनचा समजून वेगळा नोंदवा.

शिक्क्यावरचं वर्ष हे कागदाचं वर्ष नव्हे. तो शिक्का कोरला तेव्हाचं ते वर्ष. एकदा कोरलेला शिक्का कितीतरी वर्षं चालत असे, त्यामुळं शिक्क्यावरचा सन कागदाच्या मितीपेक्षा मागचा असणं साहजिक आहे. पुढचा असेल तर मात्र गडबड आहे.

घरात पितळी शिक्का असेल तर त्याला स्टँप-पॅडची शाई लावून ठसे उठवू नका. शाई खाचेत वाळते आणि पुढं अक्षर भरून जातं. कोरड्या कुंचल्यानं धूळ काढा, खोली अंधारी करा, आणि टॉर्च शिक्क्याच्या अगदी कडेला, जवळजवळ जमिनीलगत धरा. आडव्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते आणि वरून सपाट दिसणारं अक्षर उठून दिसतं. चारी दिशांनी उजेड टाकून चार फोटो घ्या. अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणून फोटो मोबाईलमध्येच आडवा पलटून घ्या की सरळ वाचता येतील. झिजलेल्या दांडीकडंही लक्ष द्या. एकाच अंगानं झिजली असेल तर तो शिक्का खरोखर वापरातला आहे, शोभेसाठी पुढं केलेला नाही.

गावपातळीवरच्या कागदात, म्हणजे महजर (गावसभेचा निवाडा), खरेदीखत, वाटणीपत्र यांत, नावासमोर निशाणी असते. पाटलाची आणि देशमुखाची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची लेखणी. बलुतेदार आपापल्या अवजाराची खूण काढत. सही येत नव्हती म्हणून अंगठा, तसा हा प्रकार नव्हता. वतनाचा हक्क त्या खुणेतून बोलत असे. नांगर कोणी कसा काढला आहे, फाळ कोणत्या बाजूला, जू आहे की नाही, हे प्रत्येक कागदातून ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या आणि एकाखाली एक लावा. त्याच घरातल्या बाप-लेकांच्या नांगरात हाताचा फरक दिसतो आणि एकाच नावाचे दोन पाटील असले तर कधी कधी तेवढ्यावरून वेगळे काढता येतात. पण खूण पुष्कळदा कारकूनच काढत असे, म्हणून नुसत्या नांगराच्या बळावर पिढी ठरवू नका. निशाणी महजरात कितव्या जागी आहे तेही लिहा. मानाचा क्रम तिथं पक्का दिसतो.

कागदाबाहेरचं मानचिन्हही नोंदवायचं: पालखी, अबदागीर, मशाल, दसऱ्याच्या सोन्याचा पहिला मान, होळी पेटवण्याचा मान. आपल्याकडं यात सर्वांत जिवंत पुरावा पोळ्याचा. तोरणाखालून कोणाची जोडी पहिली जाते, मखर कोणाच्या बैलावर, झडत्यांत (पोळ्याला म्हणायच्या ओळींत) कोणत्या घराचं नाव घेतात, हे पिठोरी अमावास्येला उभं राहून टिपा. मान दोन घरांत पाळीनं फिरत असेल तर तिथं जुनी वाटणी आहे हे ओळखा आणि तिचा कागद शोधा.

एकच चिन्ह म्हणजे एकच रक्त नव्हे

इथं पोलंडच्या सरदार घराण्यांचं उदाहरण फार उपयोगी पडतं, कारण त्यांची रीत युरोपात वेगळी आणि आपल्या देवक-कुळीच्या जवळची आहे. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका माणसाचं आणि त्याच्या वारसाचं. पोलंडच्या सरदारवर्गात, त्याला तिथं श्लाख्ता म्हणत, एक चिन्ह अनेक आडनावांचं सामायिक असे. त्या चिन्हाला म्हणजे हर्बला स्वतःचं नाव असे. लेलिवा हा असाच एक हर्ब: निळ्या पृष्ठभूमीवर सोनेरी चंद्रकोर आणि तिच्यासोबत सहा टोकांची सोनेरी चांदणी. टार्नोव्स्की घराणं लेलिवाचं. त्यांचा पूर्वज स्पित्सिमिर यानं १३३० मध्ये टार्नूव्ह शहराची सनद मिळवली, आणि आडनाव त्या गावावरून पडलं, जसं आपल्याकडं ‘कर’ लागतं. याच घराण्यातल्या यान टार्नोव्स्की या सेनापतीनं १५३१ ला ओबेर्तिनची लढाई जिंकली. पण लिथुआनियाकडचं तिश्किएविच घराणंही लेलिवाच लावतं आणि त्याचा टार्नोव्स्कींशी रक्ताचा संबंध नाही. १४१३ च्या होरोड्वोच्या करारात ४७ पोलिश घराण्यांनी ४७ लिथुआनियन सरदारांना आपापल्या हर्बात घेतलं. ती राजकीय दत्तकविधानं होती. तेव्हापासून हर्ब पाहून वंश ठरवणारा तिथला अभ्यासक फसतोच.

हाच धडा आपल्या आडनावांना लावा. देशमुख हा हुद्दा आहे. तो मराठा, कुणबी, ब्राह्मण, मुसलमान अशा अनेक समाजांत भेटतो. एका तालुक्यातले दोन देशमुख एका कुळाचे असतीलच असं नाही, आणि एकाच कुळातली एक शाखा देशमुख, दुसरी पाटील, तिसरी गावावरून आडनाव लावणारी असू शकते. देवक सारखं म्हणून भाऊबंदकी जोडू नका. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांशी नातं सांगणारी घरं खूप आहेत. लखुजींचा १६२९ ला दौलताबादेत खून झाला. तिथपासून आजपर्यंत प्रत्येक पिढीचा कागद असेल तरच ते नातं लिहा, नाहीतर ‘घरात असं सांगतात’ म्हणून लिहा. सतराव्या शतकात पोलंडमध्ये त्रेप्का नावाच्या सरदारानं खोटं सरदारपण सांगणाऱ्यांची मोठी यादीच करून ठेवली होती. मोठ्या पूर्वजाची ओढ सगळ्या मुलखांत सारखी आहे.

सोळा आण्यांचं गणित

नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर भागात वंशावळ लावायला खेवटीसारखा दुसरा कागद नाही. गाव म्हणजे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै, एकूण १९२ पै. प्रत्येक हिस्सेदाराचा हिस्सा आणे-पैत लिहिलेला असतो, आणि तो हिस्साच भावंडांची संख्या सांगतो. ५ आणे ४ पै म्हणजे तिसरा वाटा: तीन भाऊ. त्याच खेवटीत पुढं २ आणे ८ पैचे दोन हिस्सेदार दिसले, तर तिघांतल्या एकाचे दोन मुलगे वेगळे झाले. १ आणा ४ पै म्हणजे त्यांतल्या एकाचे पुन्हा दोन. सगळ्या हिश्श्यांची बेरीज १६ आणे होते का पाहा. न झाल्यास एक शाखा निपुत्रिक जाऊन तिचा हिस्सा कुठंतरी मिसळला आहे किंवा सावकाराकडं गेला आहे, आणि त्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात असते. उलट, हिस्सा विकतही घेतलेला असू शकतो, म्हणून भाऊपण ठरवण्यापूर्वी बापाच्या नावाचा रकाना वाचा. लंबरदार म्हणून ज्याचं नाव आहे तो सारा भरण्याला जबाबदार हिस्सेदार. तो थोरला भाऊ असेलच असं नाही.

वाजिब-उल-अर्जात गावच्या रिवाजांची नोंद असते: जंगल, चराई, पाणी, निस्तार (गावकऱ्यांचे सामायिक वापराचे हक्क), वेठ. ती वाचायला कठीण जाते, कारण त्यात आपल्या वाड्यानं कोणाकडून काय घेतलं ते लिहिलेलं असतं. ती पानं गाळू नका. सालकरी, कोतवाल, कूळ, कोष्टी यांची नावं त्याच कागदांत आहेत आणि त्यांच्या घरांत बहुधा दुसरा कागद नाही. वाड्याच्या इतिहासात त्यांची नावं आलीच पाहिजेत.

तहसील आणि बाकीची दारं

तहसिलीच्या अभिलेख कक्षात मिसल बंदोबस्त (बंदोबस्ताच्या वेळचे कागद), अधिकार अभिलेख, खेवट आणि कोतवाल बुक यांच्या नकला मागा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, पण पुष्कळदा ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढंच असतं, मुलाचं नाव नसतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख त्या नोंदीशी जुळवून नाव ठरवा. शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजानं घातलेली असू शकते, त्यामुळं दोन्हीत फरक आला तर कोतवाल बुकाला जास्त वजन द्या. पुराभिलेख संचालनालयाचं एक कार्यालय नागपूरला आहे, पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात. तिथं जाताना गाव आणि परगणा दोन्ही हवेत, नुसत्या आडनावावर रुमाल निघत नाही.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या विसरू नका. तिथं गेलेला माणूस आपल्या हातानं बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे यांची नावं लिहून सही करी. वही गावावरून लागते, म्हणून जुनं गाव सांगा. एका लेखात तीन-चार पिढ्या एकदम मिळतात, आणि बायकांची नावंही, जी महसुली कागदात सहसा नसतात. गावोगाव फिरणाऱ्या भाटांच्या पोथ्या मात्र सावधपणे घ्याव्यात. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या बऱ्या असतात, त्यावर राजपुतान्यातला कोणी राजा हमखास बसवलेला असतो.

आजीला विचारताना

‘तुमचे सासरे कधी वारले?’ असं विचारलं की ‘काय मालूम बापा’ हेच उत्तर येतं. खुणेच्या वर्षांवरून विचारा: छप्पनचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००, मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, गांधीजी सेवाग्रामला आले ते १९३६, मालगुजारी गेली ते १९५१, मोठा दुष्काळ १९७२. ‘मानमोडीत घरातलं कोण गेलं असं सासूबाई सांगत?’ या प्रश्नाला नावं मिळतात. वावरांची नावंही विचारा. ‘इनामाचं वावर’, ‘देशमुखाची खारी’, ‘धाकल्याचा बरड’ ही नावं वाटणीपत्रापेक्षा जुनी असतात आणि सातबाऱ्यावर कुठंच येत नाहीत. माहेर आणि सासर दोन्हीकडची नावं घ्या. लग्नात बदललेलं नाव घेतलं नाही तर तीच बाई दोन ठिकाणी दोन होते.

वंशावळ मांडताना

मूळपुरुष १, त्याची मुलं-मुली १.१, १.२, त्यांची १.१.१ असे क्रमांक द्या. मुलींनाही क्रमांक द्या. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळं दोन माणसांचा एक माणूस होणं ही सर्वांत मोठी चूक. नावापुढं क्रमांक असला की ती टळते. दत्तक मुलगा तुटक रेघेनं जोडा, जन्मदात्याचा क्रमांक कंसात द्या, दत्तकपत्राची मिती लिहा. दत्तक लपवल्यामुळं पुढं खेवटीचे आणे जुळत नाहीत.

पिढ्यांचा हिशोब करा. शंभर वर्षांत साधारण चार पिढ्या बसतात. १७२५ पासून आजवरच्या तीनशे वर्षांत सातच नावं निघत असतील तर मधली चार-पाच गळाली आहेत, आणि सतरा निघत असतील तर भाऊ हे बाप-लेक म्हणून लागले आहेत. प्रत्येक विधानापुढं एक अक्षर घाला: क म्हणजे कागद, त्याचा नंबर, स म्हणजे सांगोवांगी, कोणी व कधी सांगितलं, अ म्हणजे अंदाज, आणि कशावरून.

मुखपृष्ठासाठी नवं बोधचिन्ह बनवून घेण्याचा मोह फार होतो. मुकुट, दोन सिंह, तलवारी, खाली संस्कृत वचन. पैकी काहीही घराण्याचं नसतं. हत्तीवर झेपावलेला सिंह हे चांद्याच्या गोंड राजांचं चिन्ह, ते चंद्रपूरच्या परकोटाच्या दगडात आहे. आपल्या वाड्याच्या दारावर तसं शिल्प असलं तरी ते राजचिन्हाची नक्कल असण्याचा संभव जास्त. अशोकस्तंभाचं चिन्ह वापरायला २००५ च्या कायद्यानं मनाई आहे. पोलंडनंही १७ मार्च १९२१ च्या राज्यघटनेत हर्ब आणि सरदारी किताब मान्य करायचं सोडलं, आणि १९४४ च्या जमीन सुधारणेत बहुतेक भागांत ५० हेक्टरांवरच्या शेतीच्या इस्टेटी घेतल्या. तरी जुन्या कागदावरचे हर्ब जसेच्या तसे जपले गेले, कारण ते खरे वापरातले होते. तुमच्या महजरातला पाटलाचा नांगर ट्रेसिंगवरून मोठा करून तोच मुखपृष्ठावर घ्या, खाली कागदाचा नंबर आणि मिती द्या.

शेवटी प्रती. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको, शिक्क्यांचे ६०० नं. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, दोन वेगळ्या गावांत. छापील पुस्तकाची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक ज्या भाऊबंदांशी वाद आहे त्यांच्याकडं. चुका तेच आधी दाखवतात. अस्सल बस्ता पुन्हा त्याच क्रमानं, नवीन न रंगवलेल्या सुती कापडात बांधा, डांबराच्या गोळ्या कागदाला न लावता बाहेरच्या कापडाच्या घडीत ठेवा, आणि पेटी भिंतीपासून व जमिनीपासून वितभर दूर ठेवा. आपल्याकडच्या मातीच्या भिंतीतून वाळवी येते ती खालून.